मंडईचा अँप्लिफायर आणि निःपक्षपाती कान

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील, मँगनीजच्या भूमिगत खाणीसाठी ओळखल्या जाणाऱ्या चिखल्यासारख्या गावी दिवाळीनंतरच्या मंडईसाठी (गावजत्रेसाठी) अँप्लिफायर, म्हणजे माइकचा क्षीण विद्युत्संकेत वाढवून भोंग्यापर्यंत पोहोचवणारे यंत्र, निवडायचे झाल्यास कसोटी बहुधा ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ या मंत्राने सुरू होईल आणि संच कोणाच्या भाच्याचा आहे या निष्कर्षापाशी संपेल. ध्वनिशास्त्राचा आग्रह मात्र असा, की दोन्ही संचांची पातळी भोंग्याच्या टोकांवर व्होल्टमीटर लावून 0.1 डेसिबलच्या, अर्थात व्होल्टतेच्या सुमारे 1 टक्क्याच्या, आत जुळवावी. कारण किंचित मोठा आवाज कानाला ‘अधिक गोड’ वाटतो, आणि ही दुर्बलता महागड्या केबलींचे गुण गाणाऱ्या शहरी रसिकालाही चुकलेली नाही. त्यापुढे दुहेरी अंध पद्धत येते, जिच्यात कोणता संच चालू आहे हे ऐकणाऱ्यालाच नव्हे, तर चाचणी घेणाऱ्यालाही ठाऊक नसते (गावात गुपित टिकवण्याची ही अट यंत्रापेक्षा महाग पडावी). 16 फेऱ्यांत किमान 12 वेळा संच अचूक ओळखावा लागतो, कारण निव्वळ अंदाजाने तेवढे साधण्याची शक्यता 4 टक्क्यांहून कमी असते. 8 उत्तरे बरोबर देणारा नाणेफेकीच्या योग्यतेचा ठरतो, तरी मिशा भारदस्त असल्यास परीक्षकपदाचा हार त्याच्याच गळ्यात पडतो. एवढे सोपस्कार होईतो रात्रीचे 10 वाजतात, आणि 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार खास सवलतीविना दोन्ही संच सारखेच बेकायदेशीर होतात.