चौऱ्याहत्तर सेंटिमीटर तार

राजगुरुनगरच्या माणसाला विमानाचं वेड लागायचं काही कारण नव्हतं, ते सरकारने लावलं. विमानतळ कधी चाकणला होणार, कधी खेडला होणार, अशा बातम्यांवर इथल्या जमिनींच्या भावांनी कितीतरी उड्डाणं केली. 2016 साली पुरंदरचं नाव पक्कं झालं. आमच्याकडे राहिले भाव, आणि बारामतीला वैमानिकाचं शिक्षण घेणारा माझा भाचा.

तो सुट्टीवर आला तेव्हा राष्ट्रीय विज्ञान दिन होता. त्या दिवशी नारायणगावजवळच्या खोडदची रेडिओ दुर्बीण लोकांना बघता येते, म्हणून आम्ही व्हॅन काढली. भाचा स्टिअरिंगवर, मी शेजारी, मागे आई आणि अक्का. अक्काच्या मांडीवर धपाट्यांचा डबा. खोडद काही चंद्रावर नाही, पण डब्याशिवाय आमच्या घरातलं कुणी वेशीबाहेर जात नाही.

भाच्याला एकच चिंता. विमानातला मुख्य रेडिओ बंद पडला तर हातात धरायचा छोटा संच काढायचा, पण कॉकपिटमध्ये त्याच्या रबरी बुटक्या अँटेनाला खरखरीशिवाय काही ऐकू येत नाही.

"मग उतरायचं कसं रे?" आईने विचारलं.

"ट्रान्सपाँडरवर 7600 लावायचं, आजी. म्हणजे खालच्यांना कळतं की याची वाचा गेली. मग टॉवरवरून दिवा दाखवतात. स्थिर हिरवा म्हणजे उतर, स्थिर लाल म्हणजे घिरट्या मार."

"चाकणच्या चौकात लावा म्हणावं एक. तिथं हिरवा असला तरी कुणी हलत नाही."

विमानाचा वॉकीटॉकी परवान्याशिवाय वापरता येत नाही. म्हणून पत्र्याच्या गाडीत खरखर कमी करून बघायच्या प्रयोगासाठी आईचा ट्रान्झिस्टर जप्त झाला. विमानांची बोलणी 118 ते 137 मेगाहर्ट्झवर चालतात आणि एफएम 88 ते 108 वर, म्हणजे दुखणं एकच. शिवाय आईच्या ट्रान्झिस्टरचा अँटेना नातवंडांच्या कृपेने बोटभरच उरला होता. 101 वर पुण्याची विविध भारती लावली. लताबाई गात असाव्यात, पण कुणीतरी शेजारी भजी तळत होतं.

मंचरच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली. भाच्याने हिशेब सांगितला. 300 ला मेगाहर्ट्झने भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. 101 ला ती साधारण 3 मीटर. तिचा चौथा हिस्सा, 74 सेंटिमीटर, एवढी तार हवी. विमानाच्या संचाला 60 च्या आसपास पुरते. अक्काच्या पर्समधून शिवणाची टेप निघाली, डिकीतून वायर निघाली, तिचं टोक भाच्याने दातांनी सोललं. ("दात पडतील," मागून दोन आवाज एकदम.) सोललेलं टोक अँटेनाच्या थोटकाला गुंडाळलं आणि बाकीची तार पुढच्या काचेवर, पत्र्यापासून लांब, चिकटपट्टीने जमेल तितकी उभी लावली. उभी अशासाठी, की विमानाच्या रेडिओची लहर उभी असते आणि अँटेना आडवा धरला तर ती बरीचशी वाया जाते. हातातल्या संचाला अशीच आणखी एक तार खाली लोंबती सोडली तर आवाज आणखी सुधारतो, असं तो म्हणाला.

भजी मंदावली, पण थांबली नाहीत. भाच्याने मागे वळून पाहिलं. अक्काचा मोबाइल चार्जिंगला होता.

"मावशी, चार्जर काढ."

"चार टक्के आहे रे!"

काढला. लताबाई एकट्याच गाऊ लागल्या. अक्काने मंचर ते नारायणगाव कुणाशी बोलणं सोडलं. हा प्रयोगाचा अनपेक्षित फायदा.

खोडदला शाळकरी पोरांची जत्रा होती. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली ही दुर्बीण म्हणजे 30 अँटेना, प्रत्येकाचा व्यास 45 मीटर. निम्म्याहून थोडे कमी मधल्या भागात दाटीने, बाकीचे तीन फाट्यांवर दूरवर पसरलेले. आई बराच वेळ वर बघत राहिली.

"ही तर जाळी आहे. सगळं गळून जात असेल."

आईच्या या शंकेतच आमच्या व्हॅनचंही उत्तर होतं. भोक लहरीहून बरंच लहान असेल तर लहरीच्या लेखी ती भिंतच. खोडदच्या जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची आणि ऐकायच्या लहरी वीतभर ते दोन मीटर, म्हणून अर्ध्या मिलिमीटरच्या तारांची जाळी पत्र्याचं काम करते, आणि वाऱ्याला अडवतही नाही. आमच्या गाडीची खिडकी अर्धा-पाऊण मीटर आणि लहर तीन मीटर. ती आत येते ती अंग चोरून. कॉकपिटची काच मोठी, म्हणून तिथं जरा बरं. फायबरग्लासच्या विमानातून लहर सहज आत येते, पण कार्बन फायबर पत्र्यासारखाच आडवा येतो.

फाटकावर मोबाइल बंद करायला लावतात. अक्काचा आधीच बंद पडला होता. आकाशातून येणारा आवाज इतका क्षीण, की एखादा चार्जरही त्याच्यापुढे बँडबाजा ठरतो. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा ठरलेला मार्गही या दुर्बिणीला बाधा येते म्हणून बदलायची वेळ आली. म्हणजे आमच्या भागातून विमान गेलं, मग रेल्वे गेली. तरी दुर्बिणीवर रागवावं असं मला वाटत नाही. रेल्वेला दुसरी वाट काढता येते, 45 मीटरचे 30 अँटेना उचलून कुठे नेणार?

28 फेब्रुवारीला तुम्हीही जा, पोरांना घेऊन जा, आणि फोन फाटकाच्या आधीच बंद करा. गाडीत रेडिओ खरखरत असेल तर नवा संच घेण्यापूर्वी चार्जर काढून बघा.