काच वगळलेली श्रीमंती

पुढची काच काढून टाकली की मोटार महाग होते, हे फेरारीने २०१८ साली मोंझा एसपी१ आणून आणि मॅकलॅरेनने २०१९ मध्ये एल्वा आणून सिद्ध केले. एल्वात वारा डोक्यावरून वळवण्याची खास यंत्रणा आहे; म्हणजे काचेचे काम काचेवाचून करण्याचा खटाटोप. ब्रिटनच्या एरियल ॲटममध्ये एवढेही लाड नाहीत. तिथे डोळे ज्याचे, जबाबदारी त्याची.

नेहमीचा गॉगल गल्लीपुरता रुबाब राखतो. वेग वाढला की वारा कडेने आत शिरतो, डोळ्यांना धारा लागतात आणि रस्ता आठवणीने ओळखावा लागतो. जुन्या वैमानिकांचा चामडी गॉगल फोटोत शोभतो, पण त्यात साधी काच असेल तर खड्याबरोबर तिचेही तुकडे डोळ्यात. भिंग पॉलिकार्बोनेटचेच हवे. युरोपीय मानकातली ‘एफ’ खूण असलेले भिंग सेकंदाला ४५ मीटर, म्हणजे ताशी १६२ किलोमीटर वेगाने आलेली छोटी पोलादी गोळी सोसते. भुंगा मानके वाचून उडत नाही, तरी त्याच्यापुरते हे पुरते.

चौथ्या श्रेणीचा गडद चष्मा ८ टक्क्यांहून अधिक प्रकाश आत सोडत नाही, म्हणून तो वाहन चालवताना निषिद्ध; दुकानात नेमका तोच देखणा दिसतो. रात्री पारदर्शक भिंग लागते.

सर्वांत चांगले म्हणजे व्हायझरचे पूर्ण हेल्मेट. पण त्यात मालकाचा चेहरा दिसत नाही, आणि मग एवढे पैसे मोजले कशासाठी? मॅकलॅरेनने पुढे एल्वाला काचही देऊ केली.