घामाघूम स्नोमॅन

डिसेंबर लागला की आपल्याकडच्या इंग्रजी क्लासांत बर्फ पडायला लागतो. डोक्यावर पंखा गरगरतोय आणि फळ्यावर स्नोमॅन, स्ले, चिमणी, मिसलटो! पाचवीतलं पोरगं रेनडिअरचं स्पेलिंग न अडखळता सांगतं. शिंगवालं जनावर त्याने पाहिलंय ते फक्त गल्लीतला वळू. सांताच्या रेनडिअरांतला लाल नाकाचा रुडॉल्फ तर जुन्या परंपरेतलाही नाही. १९३९ साली शिकागोच्या माँटगोमरी वॉर्ड कंपनीने गिऱ्हाइकांच्या मुलांना फुकट वाटायला एक पुस्तिका काढली, तिच्यात तो जन्मला. तिकडे फुकट वाटलेल्या हरणाची आपण इथे फी भरतो.

बरं, नाताळ आपल्याला परका थोडाच आहे? वसईत पोरं माती-गवत गोळा करून गोठे उभारतात, दारोदार चांदण्या लागतात. गोव्यात नेवऱ्या, दोदोल आणि थरावर थर भाजत बसायची ती बेबिंका. पण यांचे फ्लॅशकार्ड नाहीत, म्हणून मार्कही नाहीत.

पालकांनो, पुढचा हप्ता भरण्याआधी वसईच्या लोकलचं तिकीट केवढ्याला पडतं, तेवढं बघा.