फॉर्मॅटची एवढी घाई कशाला?

पाऊस धरला की पळसदरीत एक तक्रार हमखास कानावर येते. जुना डेस्कटॉप आहे, एरवी बरा चालतो, पण वायफाय जोडलं की दहा मिनिटांत नेट जातं, नाहीतर मशीनच हँग. मग सीपीयू पिशवीत घालून कर्जत किंवा खोपोली गाठायची. खोपोलीच्या फाट्यावरच्या लोकल मोजक्या, एक चुकली की बसा स्टेशनवर. एवढं करून दुकानात पोचावं, तर मशीन उघडायच्या आधीच निदान तयार: "फॉर्मॅट मारावं लागेल." दुसऱ्या फेरीला: "आता नवीनच घ्या."

या दोन्ही वाक्यांची मला चीड आहे.

फॉर्मॅटमध्ये काय जातं ते घरच्यांना विचारा. बारशाचे फोटो, बचत गटाचा हिशेब, ग्रामसभेचे अर्ज. आणि एक गोष्ट तर कोणी सांगतच नाही. जुन्या मराठी फाइली श्रीलिपी, कृतिदेव असल्या फाँटांत टाइप केलेल्या असतात. फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर वाचली तरी फाँट सी ड्राइव्हसोबत पुसला जातो, आणि उघडल्यावर समोर अगम्य चिन्हांचा कचरा येतो. आणि हे सगळं गमावून मूळ बिघाड जागच्या जागीच, कारण तो बऱ्याचदा विंडोजमध्ये नसतोच.

नेट तुटणं आणि मशीन अडकणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. त्यांची गल्लत झाली की सगळा खर्च वाया. नेट तुटत असेल तर कॉम्प्युटरच्या शेजारी उभं राहून त्याच वायफायवर मोबाइल चालवा. मोबाइलचंही तुटलं तर दोष राउटरचा किंवा लाइनचा, कॉम्प्युटरला हातही लावू नका. मोबाइल नीट चालला तर कॉम्प्युटरवरून राउटरला पिंग करा, म्हणजे तो उत्तर देतो का ते तपासा. त्याचा पत्ता बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. राउटर सलग उत्तर देतोय आणि साइट उघडत नाहीत, तर वायफाय ठणठणीत आहे. अशा वेळी कोपऱ्यातलं घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा तीन व्होल्टचा चपटा सेल संपला की मशीन दर वेळी कुठल्यातरी जुन्या वर्षात जागं होतं, तारीख जुळली नाही की ब्राउझर सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र नाकारतो, आणि बोल वायफायला लागतो.

राउटरच उत्तर देत नसेल तर नजर डाँगलकडे वळवा. पुढच्या पोर्टला लावलेला, तापून चटका देणारा तो अंगठ्याएवढा तुकडा. यूएसबी २.० च्या पोर्टला ५ व्होल्टवर जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर मिळतात. पुढचं पोर्ट बारीक वायरीने मदरबोर्डला जोडलेलं, मशीनला वीज पुरवणारा एसएमपीएस म्हातारा, त्यात पावसात विजेचा दाब खालीवर. डाँगल धापा टाकणारच. तो मागच्या पोर्टला लावा, पण थेट नको. तिथे पत्र्याचं कॅबिनेट आणि भिंत यांच्यामध्ये सिग्नल कोंडतो. हातभर एक्स्टेन्शन वायर घ्या आणि डाँगल टेबलावर आणून ठेवा. निळ्या यूएसबी ३ पोर्टपासून तर लांबच. तिथून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला छळतो, हे इंटेलनेच २०१२ मध्ये छापून सांगितलं आहे. शिवाय डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटखाली, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची मुभा देणारी एक टिक असते. ती काढा. एवढ्यावरच कितीतरी मशिनी सुधारतात.

राउटर नवा घेतल्यापासून जुन्या डाँगलने जोडणंच सोडलं असेल, तर राउटरमध्ये फक्त डब्ल्यूपीए३ हे सुरक्षेचं मानक चालू आहे का बघा. ते २०१८ चं आहे, जुन्या डाँगलला ते कळत नाही. डब्ल्यूपीए२ चालू करा.

आता मशीन अडकण्याचं. वायफायचा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात चालतो, तो कोसळला की सगळंच कोसळतं. निळ्या पडद्यावर कधी कधी त्या फाइलचं नावही येतं, त्याचा फोटो काढून ठेवा. अपडेटनंतर सुरू झालेलं दुखणं असेल तर ड्रायव्हर मागच्या आवृत्तीवर न्या. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. जुन्या सिस्टिमसाठी नवे ड्रायव्हर आता कमीच होत जाणार.

घाटाच्या पायथ्याची दमट हवाही विसरू नका. मी उघडलेल्या एका कॅबिनेटमध्ये पंख्यावर धुळीचा ओला थर होता, रॅमच्या सोनेरी पट्टीवर काळपट डाग होते आणि एसएमपीएसच्या आडोशाला पालीची दोन अंडी. प्लग काढला, रॅम बाहेर घेतली, पट्टीवरून खोडरबर हलक्या हाताने फिरवलं, धूळ ब्रशने झाडली. मशीन चाललं. मदरबोर्डवरचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले दिसले तर मात्र खोडरबराचं काम नाही, तिथे जाणता कारागीरच हवा.

आणि इतकं सगळं करण्याआधी एक साधा प्रश्न. जे मशीन वर्षानुवर्षं एकाच टेबलावर आहे त्याला वायफाय हवंच कशाला? गेल्या वीस वर्षांतल्या जवळपास प्रत्येक डेस्कटॉपला मागे लॅनचं पोर्ट आहे. कॅट ५ई ची वायर शंभर मीटरपर्यंत चालते, आपल्या घरात दहा-पंधरा मीटर पुरते. दगडी भिंत, पत्रे, लोखंडी कपाट, शेजाऱ्याचा राउटर, कशाचाच तिला फरक पडत नाही. भिंतीवर वायर वाईट दिसते म्हणतात. अर्धा भरलेला परीक्षेचा फॉर्म शेवटच्या दिवशी अडकला की जास्त वाईट दिसतं! फक्त विजा कडाडत असतील तेव्हा लॅनची वायर आणि दोन्हीकडचे प्लग काढून ठेवा.

तरीही दुकानात जायची पाळी आलीच, तर आधी फाइली आणि जुने फाँट बाहेरच्या डिस्कवर उतरवा. आणि मशीन काउंटरवर ठेवतानाच बजावा, पावतीवर लिहून घ्या: मालकाला विचारल्याशिवाय फॉर्मॅट मारायचं नाही.