परवानगीच्या साइटी आणि अर्धा उघडलेला धडा

तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेलगत बपेऱ्यात राहणाऱ्या माझ्यासारख्या बापाचं मागणं मोठं नाही. घरच्या वाय-फायवर पोरांसाठी मी ठरवलेल्या साइटी उघडाव्यात, बाकीच्या उघडू नयेत. बालभारतीची पुस्तकं, मराठी विश्वकोश, एखादा शब्दकोश, विज्ञानाची दोन-तीन ठिकाणं. वाईट साइटी एकेक करून बंद करत बसणं फुकट आहे, त्या रोज नव्या निघतात. चांगल्या आपल्याला माहीत असतात, तेवढ्याच ठेवाव्यात.

राऊटरमध्ये पालकांसाठी वेगळा विभाग असतो. माझ्या राऊटरमध्ये तो फक्त इंग्रजीत आहे. तिथे पोचायला आधी 192.168 ने सुरू होणारा आकडा टाकायचा, मग पासवर्ड. तो पासवर्ड नेट जोडायला आलेल्या मुलाला ठाऊक, आणि त्याचा फोन लागत नाही. गावातली जी आई मराठी सातवी शिकली आहे, जिला आपल्या लेकराची सगळ्यात जास्त काळजी आहे, तिला या दारातच उभं ठेवलं आहे. मला याचा राग येतो.

पण खरा त्रास यादी भरल्यावर सुरू होतो. आपल्याला वाटतं, एक पान म्हणजे एक पत्ता. तसं नसतं. मजकूर एका पत्त्यावरून येतो, चित्रं दुसऱ्या, अक्षरांचा फॉन्ट तिसऱ्या, व्हिडिओ चौथ्या आणि लॉगिन आणखी कुठून तरी. यादीत पहिलाच पत्ता असतो. मग पान अर्धं येतं आणि मधोमध गोल फिरत राहतं. “बाबा, धडा उघडूनच नाही राहिला,” पोरगी म्हणते, आणि तिचं बरोबर असतं. नेमका कोणता पत्ता अडला, हे राऊटर सांगत नाही. तेवढं एका ओळीत दाखवलं असतं, तर मी तो पत्ता यादीत घातला असता आणि पोरीचा अभ्यास सुरू झाला असता. दाखवत नाही, म्हणून बाप थकतो आणि सगळं मोकळं करून टाकतो. कितीतरी घरांत असंच होत असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

व्हिडिओचं दुखणं याहून मोठं आहे. अभ्यासाचे व्हिडिओ बहुतेक यूट्यूबवर असतात आणि शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचीच लिंक येते. हल्ली वेबचा बहुतेक सगळा व्यवहार कुलूपबंद असतो. ते चांगलंच आहे, पण त्यामुळे राऊटरला साइटचं नाव कळतं, आतलं पान कळत नाही. गणिताच्या बाईंचं एक चॅनेल हवं असेल तर अख्खं यूट्यूब घरात घ्यावं लागतं. यूट्यूब किड्समध्ये 2018 पासून पालकांना निवडक चॅनेलं मंजूर करता येतात, पण ते त्या ॲपपुरतंच.

क्लाउडफ्लेअर या कंपनीने 2020 मध्ये कुटुंबांसाठी 1.1.1.3 हा फुकट डीएनएस पत्ता सुरू केला; डीएनएस म्हणजे नावावरून साइट शोधून देणारी सेवा. राऊटरमध्ये तो भरला की अश्लील आणि घातक साइटी अडतात. ज्यांना दुसरं काही जमत नाही त्यांनी एवढं तरी जरूर करावं. मात्र अँड्रॉइड 9 पासून फोनला स्वतःचा वेगळा डीएनएस ठेवता येतो, आणि मोठ्या पोराला ते सेटिंग माहीत असतं. शिवाय काकाच्या फोनचा हॉटस्पॉट आहेच.

काही गावांनी वेगळाच मार्ग काढला. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात 2022 मध्ये संध्याकाळी 7 वाजता भोंगा वाजू लागला आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद राहू लागले. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने 18 वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदी ठरवली. शहरातले लोक याला टोकाचं म्हणतात. मी म्हणत नाही. भोंग्याला पासवर्ड लागत नाही, तो सगळ्यांना कळतो, आणि त्या वेळात काकाही फोन ठेवतो. फक्त भोंग्याबरोबर विश्वकोशही बंद होतो. मला पोरांचा विश्वकोश बंद करायचा नाही.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकाची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. कायदा चांगला आहे. पण ती संमती कंपनीने मागायची आणि मी हो किंवा नाही म्हणायचं. माझ्या घरी काय यावं, हे मी आधीच सांगून ठेवावं अशी सोय त्यात नाही.

ती सोय करणं अवघड नाही. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापतातच. त्याच्या शेजारी, हा धडा पूर्ण उघडायला कोणकोणते पत्ते लागतात, तेवढे छापावेत. व्हिडिओ शिक्षण खात्याने स्वतःच्या पत्त्यावर ठेवावेत. आणि राऊटर बनवणाऱ्यांनी पालकांचा विभाग मराठीत द्यावा, अडलेला पत्ता दाखवावा, समोर ‘परवानगी द्या’ एवढं एक बटण ठेवावं. सातवी शिकलेली आई ते बटण विचार करून दाबेल.