कार्टूनच्या भागाचं परीक्षण कसं लिहावं
(निपाणी, बेळगाव आणि आसपासच्या नवशिक्यांसाठी)

आधी एक मूल मिळवा. स्वतःचं नसलं तर शेजाऱ्यांचं चालतं. मे महिन्यात आमच्या निपाणीत त्यांचा तुटवडा नसतो. पन्नाशीला टेकलेला माणूस एकटाच 'छोटा भीम' बघत बसला तर घरचे डॉक्टरांना फोन करतात. शेजारी मूल असलं की तोच माणूस पोरं सांभाळणारा सद्गृहस्थ ठरतो. समीक्षेला लागणारी प्रतिष्ठा ही अशी मिळवायची. मला पुतणी आहे, वय वर्षं ७. ती मला 'काका' म्हणते आणि रिमोट देत नाही.

परीक्षण एकाच भागाचं लिहावं. राजीव चिलका यांच्या हैदराबादच्या ग्रीन गोल्ड कंपनीचा भीम २००८ पासून पोगोवर लाडू खातोय. सगळ्या भागांचा आढावा घ्यायला बसलात तर पेन्शन सुरू होईल.

निवडलेला भाग एकदा सरळ बघा आणि मग आवाज बंद करून पुन्हा बघा. खरा अभ्यास इथे सुरू होतो. आवाज गेला की दिसतं, बोलणाऱ्याचं तोंड तीन-चार आकारांतच उघडतंय. चेहऱ्याचा बाकीचा भाग ग्रामसभेतल्या अध्यक्षासारखा स्थिर. पाठलागात तर झाडं मोजावीत. मी मोजली. फांदी तुटलेलं एकच झाड भीमाच्या मागून पाच वेळा गेलं. याचं कारण साधं आहे : पार्श्वभूमीचं एक लांब चित्र मागे सरकवत ठेवायचं, पात्राने जागच्या जागी पाय हलवायचे, की पैसा आणि वेळ दोन्ही वाचतात. अमेरिकेत हॅना आणि बार्बेरा या जोडीने १९५७ नंतर टीव्हीसाठी ही काटकसर रूढ केली. आपल्याकडे जत्रेतल्या नाटकवाल्यांना ती आधीच ठाऊक होती. राजा शिकारीला गेला तरी जंगलाचा तोच पडदा आणि राणीला डाकूंनी पळवलं तरी तोच.

हा शोध मी पुतणीला मोठ्या तोऱ्यात सांगितला. ती टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "झाड तेच असणार की काका. ते गोल गोल पळालेत."

असा प्रतिवाद आला की वहीत एक ओळ मोकळी सोडावी.

आता लाडू. नवशिका समीक्षक 'भीमाने लाडू खाल्ला व शत्रूला लोळवले' एवढं लिहून हात झटकतो. असं करू नका. भीम जिंकणार हे पोगोवाल्यांना, तुम्हाला आणि पडद्यावरच्या जग्गू माकडालासुद्धा माहीत असतं. जिंकण्यात उत्कंठा नसतेच, ती असते लाडू पोचण्यात. टुनटुन मावशीच्या दुकानातून तो निघाला कधी? चुटकीने फेकला की राजूने? वाटेत कालियाने मधल्यामध्ये गट्टम केला का? लाडू तोंडाशी यायला जितका उशीर, तितका भाग चांगला. दुसऱ्याच मिनिटाला पोचला तर लेखकाला घरी जायची घाई होती, असं खुशाल लिहा. लाडू बुंदीचा की बेसनाचा, हे चित्रावरून मला आजवर कळलेलं नाही, आणि ही उणीव मी प्रत्येक परीक्षणात नोंदवतो. मात्र बेळगावकरांनी लाडवाच्या जागी कुंदा घालून बघू नये. कुंदा खाल्लेला माणूस शत्रूला लोळवत नाही, स्वतः लोळतो.

परीक्षणात एखादी परदेशी तुलना लागते. १९९२ ची 'बॅटमॅन'ची ॲनिमेटेड मालिका त्यासाठी हाताशी ठेवावी. तिची पार्श्वभूमीची चित्रं काळ्या कागदावर रंगवलेली होती. म्हणजे अंधार फुकट आणि उजेडाला तेवढा रंग. तिच्यातला 'हार्ट ऑफ आइस' हा भाग चुकवू नये. बर्फाची बंदूक घेऊन हिंडणाऱ्या मिस्टर फ्रीझ या किरकोळ खलनायकाला लेखक पॉल डिनी यांनी एक आजारी बायको दिली, आणि बावीस-तेवीस मिनिटांत बघणाऱ्याची पंचाईत झाली, की आता बाजू कोणाची घ्यायची! त्या लेखनाला एमी पुरस्कार मिळाला. कालियाचं दुःख समजून घेणारा एक भाग कोणीतरी लिहावा, अशी सूचना शेवटून दुसऱ्या परिच्छेदात करता येते.

यानंतरची पायरी पुण्या-मुंबईच्या समीक्षकांना लागत नाही, आपल्याला लागते : नायक कोणाकडचा? सवयच आहे आपल्याला. निपाणीची पोरं देवचंद कॉलेजात जातात, ते कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात. गाव इकडे कर्नाटकात आणि हजेरीपट तिकडे. तर २०१८ मध्ये डिस्कव्हरी किड्सवर आलेल्या 'लिटल सिंघम'ची वंशावळ काढून बघा. आजोबा २०१० चा तमिळ 'सिंगम'. बाप २०११ चा हिंदी 'सिंघम', नायक मराठी बाजीराव. दोन्हीकडे खलनायक प्रकाश राज, मूळचे बंगळूरचे. हिंदी चित्रपटातल्या एका संवादावरून कर्नाटकात निदर्शनं झाली आणि तो संवाद गाळावा लागला. धाकटा सिंघम मात्र मिर्ची नगरात निवांत ड्युटी करतो. त्याला सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर कोणी गाडी बाजूला घ्यायला लावत नाही.

भाषेचं तर आणखी नवल. कन्नडमध्ये डबिंग करायला कन्नड चित्रपटसृष्टीचाच कित्येक दशकं कडवा विरोध होता. २०१२ मध्ये आमिर खानचा 'सत्यमेव जयते' हा टीव्ही कार्यक्रम तमिळ, तेलुगू, मल्याळममध्ये बोलला; कन्नडमध्ये नाही. पण त्याआधीच, २००९ पासून, चिंटू टीव्हीवर परदेशी कार्टूनं बिनधास्त कन्नड बोलत होती. आमिर खानला जे दार उघडलं नाही, त्यातून ही मंडळी वाकून आत गेली. म्हणून भाग कुठल्या भाषेत बघितला, हे परीक्षणात पहिल्याच ओळीत लिहावं. आमच्या घरी तो हिंदीत चालतो, पुतणी मारामारीचे आवाज शाळेतल्या कन्नडमध्ये काढते, आणि आज्जीसाठी सगळं मराठीत सांगावं लागतं.

आज्जीला सांगताना जे अडतं, तेच भागाचं कच्चं स्थळ समजावं. परवा मी भीमाचं ढोलकपूर, तिथला राजा इंद्रवर्मा, दरबार, सगळं नीट समजावून दिलं. तिने तपकिरीची चिमूट नाकाजवळ थांबवली.

"हे ढोलकपूर कुठल्या तालुक्यात येतंय?"

"आज्जी, तिथं राजा हाय. तालुका नाही," पुतणी म्हणाली.

"असू दे की राजा. उतारा कुठल्या भाषेत देतोय त्यो?"

पुतणीने पहिल्यांदाच रिमोट खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी वहीत आणखी एक ओळ मोकळी सोडली.