जरा दमानं

मराठी कुटुंबाच्या सहलीचा पहिला दिवस पाहण्याचा नसतो, वसुलीचा असतो. तिकिटाला एवढे पैसे मोजलेत ना, मग सकाळी सातला आंघोळी उरकून सगळे दारात हजर पाहिजेत. बोलिव्हियातल्या ला पाझमध्ये मात्र ही वसुली चालत नाही. हे शहर सुमारे ३,६०० मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई ठेवलं तरी ला पाझचा बाजार वरच राहतो. विमानतळ तर शेजारच्या एल आल्तोमध्ये, ४,००० मीटरच्याही वर. तिथे बॅग उचलताना मला वाटलं, बायकोनं भडंग जरा जास्तच भरलंय. भडंग तेवढंच होतं. हवा विरळ होती. समुद्रसपाटीला एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो, त्याच्या जेमतेम दोन तृतीयांश इथे मिळतो.

याचा पहिला परिणाम पायांवर होत नाही, भांडणांवर होतो. आधी कुठे जायचं, या विषयाला सकाळीच तोंड फुटलं. "आधी चर्च, मग तो मोठा चौक..." एवढं बोलून बायको थांबली. मी "तुझं नेहमीचंच..." इथवर पोचलो आणि मलाही थांबावं लागलं. मध्येच दम खावा लागला की टोमण्याची धार जाते. कानाला फोन लावून बसलेली लेक हसली. आई खुर्चीतून म्हणाली, "बरं आहे हो गाव. कुणाला उलट उत्तर पुरं करता येत नाही."

नव्या पाहुण्याला इथली माणसं तीन गोष्टी सांगतात: हळू चाला, थोडं खा आणि एकटे झोपा. चौघांना मिळून एक खोली असल्यामुळे तिसरं कलम आम्ही सोडून दिलं. पहिली दोन आपोआप पाळली गेली. या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. त्यामुळे चहाला उकळी येते, पण ती आपल्या उकळीएवढी गरम नसते. "ही कसली उकळी?" असं म्हणत आईनं तो कप सरकवला आणि कोकाच्या पानांचा चहा मागवला. तो इथे कायदेशीर आहे आणि घरोघरी पितात. लेकीनं त्या पानांची आंतरराष्ट्रीय कीर्ती फोनवरून वाचून दाखवेपर्यंत आईचा दुसरा कपही संपला होता.

चढ चढायची कुणाची छाती नव्हती, म्हणून रोपवे गाठला. इथे रोपवे पर्यटकांची चैन म्हणून नाही. २०१४ मध्ये लाल मार्ग सुरू झाला, आता असे दहा मार्ग आहेत, आणि लोक त्यातून रोज कामाला जातात. आमच्या समोर एक बाई घेरदार परकर आणि डोक्यावर इवलीशी गोल हॅट घालून, पाठीवरच्या रंगीत कापडात बाळ बांधून डुलक्या घेत होती. खाली विटांच्या घरांनी खच्चून भरलेली दरी आणि पलीकडे बर्फानं मढलेला इलिमानी पर्वत. आपल्याकडे वरच्या मजल्याला भाव जास्त. इथे श्रीमंत वस्ती दरीच्या तळाशी, कारण तिथे ऊब आणि हवा दोन्ही थोडी जास्त.

मुरिल्यो चौकात जुन्या संसद भवनावरच्या घड्याळाचे काटे उलटे फिरत होते. २०१४ मध्ये ते तसे फिरवले. विषुववृत्ताच्या दक्षिणेला छायायंत्रावरची सावली उलट्या दिशेनं सरकते, मग आम्ही उत्तरेचं घड्याळ का पाळायचं, असा त्यामागचा विचार. लेकीनं हे सगळं समजावून सांगितल्यावर आई शांतपणे म्हणाली, "म्हणजे अजून जेवायची वेळ झालेली नाही." जवळच्या रस्त्यावर झेब्र्याचा पोशाख घातलेली तरुण मुलं गाड्या थोपवून लोकांना पलीकडे नेत होती. त्यातल्या एका झेब्र्यानं आईचा हात धरला, तेव्हा तिनं पदर सावरून त्याला आशीर्वादही दिला.

खरा मुक्काम पडला तो बाजारात. बटाट्यांचे ढीग: जांभळे, पिवळे, काळे, बोटभर लांब, सुपारीएवढे. शेजारी पांढरे-काळे खडे दिसले, तेही बटाटेच. रात्रीच्या कडाक्यात गोठवायचे, पायांनी तुडवून पाणी काढायचं आणि उन्हात सुकवायचे. त्याला चुन्यो म्हणतात आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. आईनं एक खडा बोटात फिरवला आणि आमच्या गच्चीवरचं उन्हाळी वाळवण ओळखल्यासारखी मान हलवली. मी तिला सांगितलं, बटाटा मूळचा या अँडीज पर्वतातला. शेंगदाण्याचं मूळही बोलिव्हियाच्या दक्षिण भागाकडचं, आणि साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावाही दक्षिण अमेरिकेचाच. म्हणजे आपली साबुदाण्याची खिचडी बटाट्या-दाण्यांसकट इकडूनच समुद्र ओलांडून आली, आणि आपण ती खाऊन एकादशीचं पुण्य जोडतो. आईनं काही बटाट्यांना हात जोडले नाहीत, पण भाव विचारताना तिचा आवाज आदरानं खाली आला.

शेंगदाणेही घेतले. ते मोजून झाल्यावर आई सवयीनं म्हणाली, "घाल गं अजून थोडे." विक्रेतीला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. तरी तिनं एक मूठ वर टाकली. अशी वरची मूठ द्यायची इथेही रीत आहे. तिला यापा म्हणतात.

यादीतली निम्मी ठिकाणं त्या दिवशी राहिली आणि संध्याकाळपर्यंत कुणीच कुणावर चिडलं नव्हतं. ला पाझला जाणार असाल, तर पहिल्या दिवसाची यादीच करू नका. एक रोपवे, एक बाजार आणि टेकायला एक बाक पुरे. हा नियम समुद्रसपाटीवरच्या शहरांनाही लागू आहे. फक्त तिथे तो मोडायला दम उरतो.